ब्याडगीच्या वाटेवरून

चित्रदुर्ग

तीर्थरूप आई-बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन रोज होतो, पण फोनवर तुम्ही दोघं "कुठं पोचलात, जेवलात का" एवढंच विचारता आणि ठेवून देता. शिवाय पत्र टाकायचं ही बाबांची अटच होती. म्हणून लिहायला बसलेय. गाडी ठीक आहे, तुमचे जावई ठीक आहेत, मीही ठीक आहे.

"अजून कर्नाटकातच?" असं बाबा काल म्हणाले. खरं आहे, निघालोय कन्याकुमारीला. कोल्हापूर ते बेंगळुरू सहाशे-सव्वासहाशे किलोमीटर, लोक सकाळी निघून रात्री जेवायला पोचतात. आम्ही मात्र रेंगाळतोय. त्याचा निम्मा दोष आईच्या चटणीचा आहे.

झालं असं. अंबाबाईला नमस्कार केला, चाकाखाली लिंबू चिरडलं आणि कागलपर्यंत कुणीच काही बोललं नाही. आई दारात ज्या चेहऱ्यानं उभी होतीस, तो दोघांच्याही डोळ्यांसमोर होता. दूधगंगा ओलांडली, कोगनोळीचा टोलनाका गेला. पेट्रोल निपाणीत भरलं, बाबा, तुमच्या सांगण्याप्रमाणे. टोलसाठी तुम्ही दिलेली सुट्ट्या पैशांची पुरचुंडी चहाच्या गाड्यांवर संपत आलीय, कारण टोलवर फास्टॅगमुळं कुणी सुट्टे मागतच नाही.

मग संकेश्वर आलं. बेळगावला जाता-येता ही पाटी लहानपणापासून बघितलीय, पण तुझ्या तोंडची 'संकेश्वरी' ती हीच, हे डोक्यातच आलं नव्हतं. थांबलो. "संकेश्वरी तिखटाला, ब्याडगी रंगाला," हे तुझं गणित जावयांना सांगितलं, तर म्हणाले, मग ब्याडगीपण बघूनच जाऊ. ते गाव हावेरी जिल्ह्यात, मोटेबेन्नूरपासून हायवे सोडून थोडं आत.

आई, तू तिथं हवी होतीस. नजर जाईल तिथवर मिरचीची पोती आणि लाल ढीग. मिरचीबाजाराच्या आवारात पाय ठेवला तशा जावयांना शिंका सुरू झाल्या, त्या गाडीत बसेपर्यंत. मिरची गडद लाल, सुरकुतलेली, हातात घेतली की खुळखुळणारी. त्यात दोन जाती. कड्डी लांब, बारीक, बिया कमी. डब्बी आखूड, फुगीर, बियांनी भरलेली. आपण दुकानातून नुसती 'ब्याडगी द्या' म्हणून आणतो, त्यात यातली कुठली असते कोण जाणे. हिचा रंग काढून लिपस्टिक आणि नेलपॉलिशमध्येसुद्धा घालतात. म्हणजे तुझी चटणी आणि माझं नेलपॉलिश एकाच घरचं!

डब्बी पार्सलनं पाठवलीय. दोन-तीन दिवस चांगलं ऊन दाखव, मगच डंकावर ने. यंदा देठं खुडायला मी नाही. शेजारच्या काकूंना बोलाव, एकटीनं मांडी घालून बसू नकोस. आणि माझ्या वाटणीची बरणी कमी करू नकोस, आल्यावर नेणार आहे.

बाबा, तुमच्यासाठी त्याआधी धारवाडला मुक्काम केला. पेढे घेतले ते सोडा, मल्लिकार्जुन मन्सूरांच्या घरी जाऊन आलो. 'मृत्युंजय' नाव आहे घराचं, आता स्मारक केलंय. देवल क्लबात गाणं ऐकून आल्यावर तुम्ही अल्लादियाखाँसाहेबांबद्दल इतकं बोलायचात की आम्ही पोरं कंटाळायचो. पण शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या त्याच खाँसाहेबांची मुलं, मंजीखाँ आणि मग बुर्जीखाँ, यांच्याकडं मन्सूर शिकले, हे तिथं आठवलं. आपल्याच घराण्याच्या पाहुण्याकडं आल्यागत वाटलं. जावयांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी गप्प बसले होते, ही नोंद तुमच्यासाठी.

हरिहरला तुंगभद्रा ओलांडली. दावणगेरेला बेन्ने डोसा खाल्ला, लोण्यात न्हाऊन निघालेला. आई, कोलेस्टेरॉलचं काढू नकोस, एकदाच.

आणि हा इथला किल्ला! नुसत्या अजस्र शिळा, त्यांच्या मधून तटबंद्या, एकापाठोपाठ एक सात. हैदरअलीच्या सैन्यानं वेढा घातला तेव्हा त्याची माणसं एका कपारीतून सरपटत आत येऊ लागली. पहारेकरी जेवायला घरी गेलेला. त्याची बायको, ओबव्वा, पाणी आणायला आली होती. तिनं मुसळ घेतलं आणि कपारीतून डोकं वर काढील त्याला एकेक करून लोळवलं. ती कपार दाखवतात अजून. माणूस वाकल्याशिवाय जाणार नाही एवढीच. मी जावयांना म्हटलं, आमच्या आईच्या हातात मुसळ असतं तर पहारेकऱ्याला आधी पोटभर जेवू घातलं असतं आणि मग हैदराला बघितलं असतं. किल्ला शेवटी 1779 मध्ये हैदरअलीनं घेतलाच, पण इथं जो तो सांगतो ओबव्वाचंच.

गाडी मी निम्मी चालवते. बाबा, ट्रकला डावीकडून ओव्हरटेक करत नाही, रात्री चालवत नाही. लोकेशन तुम्हाला दिसतंय, म्हणून ते दर अर्ध्या तासाला बघायचं नसतं. एका ठिकाणी ठिपका हलला नाही की लगेच फोन! अहो, माणूस जेवतो, झोपतो.

आता मुद्द्याचं. उद्या बेंगळुरू, मग कन्याकुमारी, आणि तिथून 44 नंबरचा हायवे धरून उलटं वर, थेट श्रीनगर. तो रस्ता नागपुरावरून जातो. आणि कोल्हापुरातून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट नागपूरला जाते, गाडी बदलायची भानगड नाही. तुम्ही दोघं या. दोन्ही लोअर बर्थ मी इथूनच बुक करायला बघते. गुडघ्याचं आणि मांजराचं कारण चालणार नाही, मांजराचं शेजारच्या काकूंशी बोलून झालंय. एक-दोन दिवस एकत्र राहू, संत्री खाऊ, मग तुम्ही परत आणि आम्ही पुढं.

बाबांना विचारून तारीख कळव, आई. बाबा तुझ्याकडं बोट दाखवतील, तू त्यांच्याकडं, तेव्हा आधीच सांगते, मी रविवारी फोन करीन आणि तिकिटं काढून टाकीन.

तुमची लेक

ता. क. ब्लडप्रेशरची गोळी डब्यात सोमवारच्या खणात तशीच दिसली होती निघताना. कुणाची ते मी विचारत नाही.