घसरण कोणी सोसायची?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. खुशाली अर्ध्या पानात उरकलीस आणि पुढची साडेतीन पानं नुसती गाडी! मॅन्युअल घेऊ की ऑटोमॅटिक, एवढ्या प्रश्नावर तू असा अडकून पडशील असं वाटलं नव्हतं. पण तुझीही चूक नाही. 'क्लचचं पेडल नाही म्हणजे ऑटोमॅटिक, सगळी सारखीच', असं ज्याने तुला सांगितलं त्याने तुला चुकीच्या वाटेला लावलंय. पेडलं दोनच असली तरी खाली चार वेगळ्या जातींची यंत्रं असू शकतात, आणि त्यांचे स्वभाव एकमेकांशी जुळत नाहीत.

आधी एक कबुली देऊन टाकतो. गाडी शिकल्याच्या पहिल्याच वर्षी मी एक क्लच जाळला होता. तुला कधी सांगितलं नाही, कारण तेव्हा तुझ्यासमोर मी फार भाव खायचो. चढावर गाड्यांची रांग लागलेली, मागची गाडी अगदी चिकटून उभी. मागे घसरायच्या धास्तीने मी ब्रेकला पाय न लावता हाफ क्लच, म्हणजे अर्धंच सोडलेलं क्लचचं पेडल, आणि जरासा एक्सलेटर यांवर गाडी जागच्या जागी तोलून धरली. आपण कसबी ड्रायव्हर झालो, असंच वाटत होतं मला! दहाएक मिनिटांनी जळका वास आला तेव्हा पुढच्या ट्रकला दोन शिव्यासुद्धा हासडल्या. वास माझ्याच गाडीचा होता. मग इंजिन नुसतं केकाटायला लागलं आणि गाडी काही पुढे सरकेना.

मेकॅनिकने गिअर बॉक्स उतरवला आणि क्लच प्लेट काढून माझ्या हातात ठेवली. ताटलीएवढी चकती. तिचं अस्तर इतकं झिजलेलं की रिव्हेटची डोकी वर आलेली. ज्याला ती घासली त्या फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावर, निळे डाग, पोलाद तापून पडतात तसे. तो एवढंच म्हणाला, "साहेब, ब्रेक कशाला दिलाय गाडीला?"

गाडीचं यंत्र मला खऱ्या अर्थाने समजलं ते त्या प्लेटमुळे. असं बघ, इंजिनाला शून्यापासून सुरुवात करता येत नाही. नुसतं चालू ठेवलेलं इंजिन मिनिटाला सातआठशे फेरे घेत असतं. त्याच्या फार खाली उतरलं की दोन आचके देतं आणि बंद पडतं. चाक मात्र शून्यावर उभं. फिरणारं इंजिन आणि थांबलेलं चाक यांची गाठ घालायची तर काही क्षण मधल्या कुणालातरी घसरावंच लागतं. ती घसरण कोण सोसतं, यावरून गिअर बॉक्सची जात ओळखायची.

गिअर कशाला लागतात, तेही आकड्यांत बघू. चाकाचा घेर १.९ मीटर धर. ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ८८० वेळा फिरतं. टॉप गिअरमध्ये, डिफरन्शियल (चाकांआधीची शेवटची दातेरी जोडी) धरून, चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ३.२ फेरे होतात असं समज. म्हणजे इंजिन २८०० वर, अगदी खुशीत. आता त्याच गिअरात ताशी १० ने चालायला गेलास तर इंजिनाच्या वाट्याला येतात २८० फेरे. बंदच पडणार. पहिल्या गिअरात हेच प्रमाण १४ च्या घरात असतं, त्यामुळे इंजिन बाराशेच्या आसपास फिरतं आणि चाकाला मिळणारा जोरही जवळपास तितक्याच पटीने वाढतो. वेग सोडायचा आणि जोर घ्यायचा, असा हा सौदा आहे.

मॅन्युअलमध्ये घसरण सोसते ती कोरडी प्लेट, आणि किती सोसायची ते ठरवतो तुझा डावा पाय. गिअर बदलताना दातांचा खडखडाट होत नाही तो आतल्या पितळी कड्यांमुळे. जोडायच्या दोन भागांचा वेग त्या आधी सारखा करतात. ही युक्ती १९२८ मध्ये कॅडिलॅकने गाड्यांत आणली. त्याआधी प्रत्येक गिअरला क्लच दोनदा दाबायला लागायचा. तुझा गुडघा त्या काळात टिकला नसता.

एएमटी म्हणजे हाच गिअर बॉक्स आणि हीच प्लेट, फक्त पायाऐवजी मोटर किंवा हायड्रॉलिकचा दट्ट्या. स्वस्तात पडतं, आणि त्यात वाईट काहीच नाही. पण गिअर बदलताना जोर क्षणभर तुटतो आणि सगळ्यांच्या माना डोलतात. बदलायच्या वेळी एक्सलेटर किंचित सोडायची सवय लावलीस तर झटका कमी बसतो. मात्र चढावर एक्सलेटर दाबून गाडी धरून ठेवलीस तर माझ्यासारखीच प्लेट हातात येईल. पेडल दिसत नसलं तरी क्लच आत आहेच.

टॉर्क कन्व्हर्टरची गोष्ट निराळी. पाण्याने भरलेल्या बादलीत हात गरागरा फिरव. थोड्या वेळाने पाणी फिरतं आणि त्यात तरंगणारा तांब्याही फिरू लागतो. हात म्हणजे इंजिन, तांब्या म्हणजे गिअर बॉक्स, आणि पाण्याच्या जागी तेल. इथे घसरण तेलाने सोसायची, आणि तेलाला झिजायला अस्तर नसतं. ते तापतं, म्हणून ते गार करायची सोय केलेली असते. एक पात्यांचं चाक इंजिनाकडचं, एक गिअर बॉक्सकडचं, आणि मधे तिसरं एक असतं. परत येणारं तेल ते अशा दिशेला वळवतं की गाडी हलतानाचा जोर दुपटीच्या आसपास जातो. वेग धरला की आतला लॉक लागतो आणि घसरणच संपते. ब्रेकवरून पाय उचलला की गाडी आपणहून सरपटू लागते, मुंगीच्या चालीच्या ट्रॅफिकमध्ये याच्यासारखं सुख नाही.

सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात. दोन पुल्या आणि त्यांवर एक पट्टा. पुल्यांच्या बाजू जवळ-लांब सरकतात, तसं प्रमाण अखंड बदलत राहतं. डच कंपनी डॅफने १९५८ मध्ये अशी गाडी काढली तेव्हा पट्टा रबराचा होता, आता गाड्यांत बहुतेक पोलादाचा असतो. शांत माणसाला ही गाडी फार मानवते. जोरात दाबलीस तर आवाज आधी चढतो आणि वेग मागाहून येतो. तुला त्याचा राग येईल, तुझा स्वभाव मी ओळखून आहे.

ड्युअल क्लचमध्ये एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला, त्यामुळे बदल कळतही नाही. मोकळ्या रस्त्यावर चालवायला सगळ्यात मजेची. पण कोरड्या क्लचवाली असेल तर रांगत्या रहदारीत ती तापते. तेलात बुडालेल्या क्लचवाली त्यापेक्षा बरी. घेण्याआधी एवढं नक्की विचार.

आता तुझं. रोज तासभर रांगत जाणं, डावा गुडघा कुरकुरणारा, गाडी तुम्ही दोघं चालवणार, आणि घेतलेली गाडी मोडकळीला येईपर्यंत वापरायची तुझी खोड. डोळे झाकून टॉर्क कन्व्हर्टर घे. 'मॅन्युअलवर ताबा राहतो' असं तू लिहिलंयस, ते खरंच आहे. बॅटरी उतरली तर धक्का मारूनही चालू करता येते. मी स्वतः अजून मॅन्युअलच चालवतो आणि उतारावर दुसऱ्या गिअरात गाडी आवरून धरायला मला आवडतं. पण माझे गुडघे धड आहेत.

ट्रायल घेशील तेव्हा मोकळ्या रस्त्यावर भरधाव नेऊ नकोस, तिथे सगळ्याच चांगल्या चालतात. गर्दीत अर्धा तास रांगव. चढावर थांबवून पुन्हा हलव. चढावरच रिव्हर्स घे. आणि गिअर बॉक्सचं तेल कधी बदलायचं ते विचार. 'कधीच नाही' असं उत्तर मिळालं तर गाडीबरोबरचं पुस्तक स्वतः उघडून बघ.

आणखी एक. गाडी लावताना ब्रेक दाबून ठेवूनच आधी हँडब्रेक ओढ, मग 'पी' म्हणजे पार्किंग लाव. नाहीतर उतारावर सगळ्या गाडीचा भार आतल्या एका बोटाएवढ्या खिट्टीवर येतो.

ट्रायल झाली की लगेच कळव. वहिनींना नमस्कार.

तुझाच

ता. क. ती जळकी प्लेट मी टाकलेली नाही, माळ्यावर आहे. आलास की काढून दाखवतो.