वजनदार माणसाची फटफटी

आर्वी तालुका, जि. वर्धा
नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. पुण्याचे घर मुलाच्या हवाली करून गावी यायचे, वडिलांचे वावर स्वतः पाहायचे आणि त्यासाठी पहिल्या महिन्यातच मोटारसायकल घ्यायची, हा बेत वाचून मला फार आनंद झाला. पण शेवटी तू लिहिले आहेस, “बुलेटच घेईन म्हणतो, आयुष्यभराची हौस आहे,” तेव्हा हे उत्तर लांबणार हे मी समजलो. हौस माझीही तीच होती. शिवाय आपले वजनही सारखेच वाढलेले आहे. तू अठ्ठ्याण्णव किलो लिहितोस, म्हणजे शंभर समजून चालतो, आणि मी एकशे चारवर आहे. वय माझे अठ्ठावन्न, तुझे त्याहून चार महिने जास्त, हे विसरू नकोस.

मला जे सांगायचे आहे ते पडण्याच्या एका प्रसंगातून कळले, म्हणून आधी तेच सांगतो. मागच्या वर्षी आषाढात एका नातेवाइकाची जड गाडी दोन दिवसांसाठी मागून आणली होती. डांबरी रस्त्यावर तिची चाल इतकी शांत, की घरी परतूच नये असे वाटावे. दुसऱ्या दिवशी सकाळी एक सर येऊन गेली होती आणि मी पांदणीच्या कच्च्या वाटेने वावराकडे निघालो. लवणाच्या अलीकडे समोरून बैलबंडी आली, म्हणून मी थांबलो आणि डावा पाय टेकवला. आपल्या काळ्या मातीचे तुला सांगायला नको. वर दिसायला घट्ट आणि खाली लोणी. पाय वीतभर सरकला, गाडी थोडी कलली आणि त्यापुढे ती सावरणे माझ्या हाती राहिले नाही. पडणे इतके सावकाश झाले की बंडीवाल्याला “अरे, पडलो” असे सांगायला मला वेळ मिळाला. गाडी पोटरीवर आली, सायलेन्सरने रुपयाएवढा चटका दिला, आणि ती उभी करायला आम्ही दोघे आणि शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, काम करणारा तिसरा असे तीन गडी लागले. चटक्याचा डाग अजून आहे.

पडलो तेव्हा गाडीचा वेग शून्य होता, ही गोष्ट मी त्यानंतर कितीतरी दिवस मनात घोळवली. आपण गाडी पारखतो ती धावताना, आणि आपल्या वयाच्या माणसाला ती दगा देते थांबताना, वळवताना, मागे ढकलताना, अंगणाच्या उतारावरून काढताना. पंचविशीत गुडघा आणि कंबर हा फरक गिळून टाकत होती. आता गिळत नाहीत. म्हणून मी पहिला आकडा पाहिला तो इंजिनाचा नव्हे, तर गाडीच्या स्वतःच्या वजनाचा. बुलेटच्याच कंपनीची, रॉयल एनफिल्डची, क्लासिक ३५० ही १९५ किलोंची आहे, मिटिऑर १९१ ची, होंडाची हायनेस सीबी३५० ही १८१ ची. हिमालयन ४५० तर १९६ किलोंची, आणि तिची बैठक जमिनीपासून ८२५ मिलिमीटर उंच. या साऱ्या चांगल्या गाड्या आहेत, आणि सपाट, कोरड्या, डांबरी मुलखात राहणाऱ्या माणसाला मी त्यांच्यापासून परावृत्त करणार नाही. पण आपली पांदण वर्षातले चार महिने काय असते ते तू लहानपणी पाहिलेले आहेस, आणि ती अजून तशीच आहे.

दुसरी गोष्ट बैठकीच्या उंचीची. इथे बहुतेक जण फसतात, मीही फसणार होतो. गुडघे दुखतात, तेव्हा बैठक जितकी खाली तितकी बरी असे वाटते, आणि मग आपले डोळे बजाजच्या ॲव्हेंजरकडे जातात, जिची बैठक ७३७ मिलिमीटरवर आहे. पाय पसरून बसायचे, हात लांबवायचे, आरामखुर्चीच. मी एक दिवस ओळखीच्या माणसाची अशीच पाय पुढे सोडायची गाडी घेऊन कौंडण्यपूरपर्यंत जाऊन आलो. चांगल्या रस्त्यावर आरामखुर्चीच होती. पण खड्डा आला की कळले, पाय पुढे असल्यामुळे त्यांच्यावर भार देऊन किंचित उठता येत नाही, आणि शंभर किलोंचा माणूस सगळाच्या सगळा माकडहाडावर आदळतो. पायटे, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्या, मांडीच्या खाली, जवळजवळ गुडघ्याच्या रेषेत असले की खड्ड्याआधी बूड चार बोटे उचलता येते आणि धक्का गुडघे झेलतात. गुडघे दुखत असले तरी हे काम त्यांनीच करावे. मणक्याने करू नये.

याउलट उंच गाड्या. हिरोची एक्सपल्स घे. अशा रस्त्यासाठीच जणू बनवलेली, वजनाने बेताची आणि पोटाखाली भरपूर जागा असलेली. पण ८२५ मिलिमीटरच्या आसपासच्या बैठकीवर उजवा पाय मागून टाकताना माझी कंबर अडकते, आणि मागे खताचे पोते बांधलेले असले तर ते शक्यच नाही. तू उंचीने माझ्यापेक्षा दोन इंच जास्त आहेस, तुला कदाचित जमेल. मापायची रीत सांगतो: अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाड पुठ्ठ्याचे एक पुस्तक दोन मांड्यांमध्ये वर घट्ट सरकव आणि त्याच्या वरच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोज. माझी पंचाहत्तर सेंटिमीटर भरली. बैठकीचा आकडा याहून मोठा दिसला म्हणून लगेच घाबरू नकोस, कारण बुटाची भर पडते आणि आपल्यासारख्यांच्या वजनाने गाडी दोन-तीन सेंटिमीटर दबतेच. खरा फरक बैठकीच्या रुंदीने पडतो. पुढच्या बाजूला रुंद असलेली बैठक मांड्या फाकवते आणि तेवढ्यानेच पाय उचलले जातात. तीच पुढे निमुळती असली तर दोन्ही तळवे टेकतात. हे दुकानात बसल्याशिवाय कळत नाही. जाताना वावरात घालतोस तेच बूट घालून जा.

सात-आठ आठवडे असे हिंडून शेवटी मी टीव्हीएसची रोनिन घेतली. वजन १६० किलोंच्या आत-बाहेर, बैठक ७९५ मिलिमीटर, जमीन आणि पोट यांत १८१ मिलिमीटरचे अंतर, इंजिन २२५.९ सीसीचे. क्लासिकपेक्षा ती पस्तीस किलोंनी हलकी आहे, म्हणजे सिमेंटच्या पोत्याला पंधरा किलो कमी. एवढा फरक अंगणात गाडी फिरवताना खांद्याला रोज कळतो. क्लच इतका हलका आहे की डाव्या अंगठ्याच्या सांध्याचा जो त्रास मी तुला फोनवर सांगितला होता, त्याची आठवण आठवडी बाजाराच्या गर्दीतही होत नाही. ती सर्वांत सुंदर गाडी आहे असे मी म्हणणार नाही. लेकाने पाहून “बाबा, ही धड ना इकडची ना तिकडची” असा शेरा मारला, आणि मला तिचा तोच गुण वाटतो.

आता वजनाचा भाग, कारण आपल्यासाठी हा सर्वांत महत्त्वाचा आणि दुकानदार यावर एक अक्षर बोलत नाहीत. प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत तिने किती भार वाहावा तो आकडा दिलेला असतो, आणि त्यात चालवणारा, मागे बसणारा आणि सामान सगळे आले. माझे एकशे चार, तुझ्या वहिनींचे बासष्ट. आम्ही दोघे बसलो की पिशवीभर संत्र्यांचाही विचार करावा लागतो. युरियाची गोणी पंचेचाळीस किलोंची असते, तेव्हा गोणी आणि पत्नी यांपैकी एकीलाच एका वेळी आणायचे असा आमच्या घरी नियम झाला आहे. (नियम मी केला, टोमणे त्यांनी.) शिवाय मागची स्प्रिंग दुकानातून येते ती सडपातळ माणसाच्या मापाने लावलेली. पहिले पंधरा दिवस मला वाटत होते की बैठकच वाईट आहे, कारण प्रत्येक खड्ड्यात गाडी खाली टेकल्यासारखी होत होती. मग गावातल्या मेस्त्रीने आकडी पान्याने मागच्या शॉकॲबसॉर्बरची खाच दोन घर पुढे सरकवली. काम पाच मिनिटांचे, पैसे त्याने घेतले नाहीत, आणि गाडी जणू बदलून आली. चाकातल्या हवेचेही तसेच: पुस्तिकेत एकट्यासाठी एक आणि दोघांसाठी दुसरा आकडा असतो, आपण एकटे असतानाही दुसऱ्याच्या जवळपास राहावे असे माझे मत झाले आहे.

तुझ्या या वहिनींवरून आठवले. त्या साडी नेसून एका बाजूने बसतात, तेव्हा मागची बैठक सपाट आणि लांब आहे का, हाताला धरायला दांडा आणि पायाला पट्टी आहे का, हे पाहिलेच पाहिजे. साडीची जाळी तर नियमानेच हवी, तीही मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी. हल्लीच्या काही गाड्यांची मागची बैठक पाटाएवढी असते आणि तिचा उतार असा, की ब्रेक दाबला की सारे वजन चालवणाऱ्याच्या पाठीवर.

चाके मिश्रधातूची, ट्यूबलेस टायरची घे. तारांची चाके दिसायला देखणी, पण त्यांत बहुधा ट्यूब असते, आणि आपल्याकडे प्रत्येक धुऱ्यावर बाभूळ आहे. ट्यूबलेसमध्ये काटा रुतला तरी हवा सावकाश जाते आणि आपण घरी पोहोचतो. ट्यूबचे पंक्चर झाले की दीडशे-दोनशे किलोंची गाडी वैशाखातल्या दुपारी ढकलत न्यायची.

बाकीचे थोडक्यात. ॲव्हरेजची चिंता सोड. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे आणि त्यावरच्यांवर तो ४० टक्के झाला आहे, म्हणजे हिमालयन ४५० चा हिशोब पुन्हा मांड. तुझ्या परवान्याची मुदत पाहा. पंचावन्न वर्षांनंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचेच होते आणि डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. आणि नवी गाडी पुण्यात घेऊन समृद्धी महामार्गाने चालवत आणायचे जे लिहिले आहेस ते डोक्यातून काढून टाक, त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. पुण्यात घेऊच नकोस. नोंदणी इकडची झाली की पुढचे सगळे सोपे.

तालुक्याच्या एका दुकानात मला फक्त समोरच्या गुळगुळीत रस्त्यावर दोन फेऱ्या मारू दिल्या आणि “काका, यापेक्षा जास्त नाही” असे सांगितले. त्यावरून कोणालाही काही ठरवता येणार नाही. म्हणून पौषात येशील तेव्हा कुठेही पैसे भरण्यापूर्वी माझी गाडी घे. तेव्हा पांदण कोरडी आणि ढेकळांनी भरलेली असेल, त्यामुळे निम्मीच परीक्षा होईल. उरलेल्या निम्म्यासाठी मी तुला ओलिताच्या पाटाजवळ नेईन, तिथे बारमाही चिखल असतो. तिथे थांब, डावा पाय टेकव, गाडी पाच हात मागे ढकल आणि मग माझ्याशी बुलेटबद्दल बोल. साईड स्टँडखाली ठेवायला कवेलूचा, म्हणजे कौलाचा, चपटा तुकडा डिकीत असतो, तो विसरू नकोस, नाहीतर स्टँड मातीत जाते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शाळेतल्या शेवटच्या बाकावरचा सोबती