कांदळवनातला कचरा भरतीआधी उचला: वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,

सप्रेम नमस्कार.

ठाणे खाडीच्या कांदळवनातून, म्हणजे खारफुटीच्या जंगलातून, स्वयंसेवकांनी काढलेला कचरा त्याच दिवशी उचलायला गाडी येईल, असे आम्हाला सांगण्यात आले होते. गाडी आली नाही. पोती बांधावर पडून राहिली, अमावास्येच्या उधाणाने ती फोडली आणि सगळे प्लास्टिक पुन्हा तिवरांत शिरले. असे होण्याची ही पहिली वेळ नाही. म्हणून हे पत्र आवक-जावकच्या खिडकीवर न देता उघडपणे लिहीत आहोत.

या कामाची वेळ खाडी ठरवते. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईच्या किनाऱ्यावर दुपारी बाराच्या सुमारास भरती असते, म्हणजे ओहोटी सकाळी सहा-सातच्या आसपास. अष्टमीच्या सुमारास ती सरकत सरकत दुपारवर येते. ओहोटीच्या अलीकडे-पलीकडे दीड-दोन तास मिळतात, तेवढेच खरे. परवानगीपत्रात मात्र ‘रविवार, सकाळी दहा ते एक’ असे छापलेले असते. पौर्णिमेच्या रविवारी दहा वाजता आत शिरलेल्या कॉलेजच्या मुलांना बाहेर काढताना काय धावपळ होते, ते ही वेळ ठरवणाऱ्याने एकदा येऊन बघावे. वर्षभराचे भरती-ओहोटीचे कोष्टक आधीच तयार असते. ते टेबलावर घेऊन परवानगी द्यायला अडचण कोणती?

आत गेल्यावरही हे काम रस्ता झाडण्यासारखे नाही. चिखलात हवा नसते, म्हणून तिवर, म्हणजे इथले खारफुटीचे झाड, आपली श्वसनमुळे पेन्सिलीसारखी वर काढते. त्यांवर पिशव्यांचा थर बसला की मूळ गुदमरते. दाताळे चालवले तर हीच मुळे आणि त्यांच्यामधली रोपे तुटतात, म्हणून कचरा हातानेच वेचावा लागतो. फांद्यांना गुंडाळलेले कापड आणि जाळ्यांचे तुकडे ओढायचे नसतात, विळ्याने कापून सोडवायचे. सैल गमबूट चिखलात रुततात आणि पाय तेवढा वर येतो. घट्ट नाडीचे जुने बूटच बरे. काच, ट्यूबलाइट आणि सुया पोत्यात न टाकता पत्र्याच्या डब्यात. थर्माकोल वेगळ्या, तोंड बांधलेल्या पिशवीत, नाहीतर वाऱ्याने त्याचे मणी पुन्हा पाण्यात जातात. पोते अर्धेच भरायचे, कारण ओल्या गाळाने त्याचे वजन भलतेच वाढते आणि ते फरफटत नेले की रोपांवरून रस्ता पडतो. ते हातोहात, साखळीनेच बाहेर यायला हवे.

एवढे करून बाहेर आलेले प्लास्टिक भंगारवाला घेत नाही, कारण ते गाळाने माखलेले असते. उरते ती पालिकेची गाडी. इथे सगळे अडते. जमीन वन खात्याची, बाहेरचा रस्ता पालिकेचा, आणि बांधावरचे पोते कोणाचेच नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम आहेत. त्यांनी कचरा उचलण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. दोन खात्यांनी एकमेकांकडे बोट दाखवायचे आणि स्वयंसेवकांनी तोच कचरा पुन्हा वेचायचा, हे आम्हाला मान्य नाही. लोकांचा उत्साह संपला, असे मग कार्यालयात म्हणतात. उत्साह संपत नाही, साहेब. आपण काढलेली पोती परत खाडीत गेलेली पाहिली की माणूस पुढच्या वेळी येत नाही.

आणि कचरा येतो कुठून? नाल्यांतून. नाल्याच्या मुखाशी तरंगता अडथळा लावून तिथेच तो रोज उपसला, तर कांदळवनात पाय ठेवण्याची गरजच कमी होईल. अडथळा लावून उपसा बंद ठेवला, तर पहिल्याच मोठ्या पावसात कचरा त्यावरून आत जातो.

आता वृक्षारोपणाबद्दल. 5 जूनला, पर्यावरण दिनी, रोपांचे आकडे जाहीर होतात. उघड्या गाळपट्टीवर कांदळ लावू नका. ती जागा रिकामी नाही, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) तिथेच चरतात. तिवराची फळे पावसाळ्यात गळतात आणि पाणी खेळते असेल तर आपोआप रुजतात. जिथे झाडे वाळली आहेत, तिथे बहुधा राडारोड्याने किंवा भरावाने पाण्याची वाट बंद झालेली असते. तो भराव काढा, चर मोकळा करा. चर बुजलेलाच राहिला तर साचलेल्या पाण्याचा खारटपणा वाढत जातो आणि लावलेले रोपही मरते.

पाण्याची वाट बंद झाल्यावर काय होते, ते नेरुळच्या डीपीएस तलावाने एप्रिल 2024 मध्ये दाखवले. भरतीत गाळपट्ट्या बुडाल्या की रोहित अशाच आतल्या पाणथळींवर येऊन थांबतात. तिथले पाणी तुटले आणि पक्षी मेले. ठाणे खाडीचे 1,690 हेक्टर 2015 साली अभयारण्य झाले, 2022 साली खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला. कांदळवन तोडणे हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला आहे आणि नष्ट झालेले पूर्ववत करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितले. भोवतीचे 50 मीटरही राखायला सांगितले. कागद भक्कम आहेत. तरीही राडारोड्याचे डंपर रात्री येतात, आणि त्यांना अडवायचे असते निःशस्त्र स्वयंसेवकांनी! या राज्यात कायदा करणाऱ्यांची खुर्ची वेगळी, तो पाळून घेणाऱ्याची बहुतेक वेळा रिकामी.

आम्ही पैसे मागत नाही. परवानगी अख्ख्या हंगामाची आणि कोष्टकाप्रमाणे द्या. प्रत्येक मोहिमेच्या पत्रावर गाडीचा क्रमांक, चालकाचा फोन आणि भरतीच्या दोन तास आधीची वेळ लिहा. हातमोजे, प्रथमोपचार पेटी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची सोय खात्याने करावी. वन आणि पालिका, दोघांतून एकेक अधिकारी नावानिशी नेमा आणि गाडी आली नाही तर त्यांच्याकडून लेखी खुलासा घ्या. पुढच्या उधाणाआधी बांधावरची पोती उचलली जातील का, याचे उत्तर आम्हाला तारखेसह हवे आहे.

आपले,
ठाणे खाडीवरचे स्वयंसेवक