नाल्यावरच्या तरंगत्या अडसरासाठी पाइप हवेत, माणसंही हवीत

चिपळूणजवळ गोवळकोटच्या अंगाला खाडीत उतरणाऱ्या नाल्यावर दसऱ्यानंतर कचरा अडवणारा तरंगता अडसर बसवायचा आहे. इथला कचरा वाशिष्ठी नदीतून दाभोळला आणि तिथून समुद्रात जातो. वाटेत कांदळवनात गुंतलेल्या पिशव्या तर होडी घेऊन गेलं तरी सुटत नाहीत.

नाला 9 मीटर रुंद, पण अडसर 18 मीटरचा लागेल. सरळ आडवा बांधला तर कचरा मधोमध साचतो आणि ओढ वाढली की बुडी मारून पलीकडे निघतो. काठाशी 30 अंशांत तिरका बांधला, तर घसरत एका काठाला येतो. त्यासाठी 110 मिमी एचडीपीई (चिवट प्लास्टिकच्या) पाइपचे दीड मीटरचे 12 तुकडे, 24 टोपणं, 30 सेंमी रुंद जाळी आणि तिच्या तळाला 18 मीटर साखळी हवी. पीव्हीसी देऊ नका, उन्हाने तडकतो. एचडीपीईला सोल्युशन (चिकटवायचा द्रव) धरत नाही, टोपण तापवूनच जोडावं लागतं. मशीन असलेला फिटर दोन दिवस मिळाला तर निम्मं काम झालं.

दोन्ही काठांना उभ्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपवर सरकती कडी राहील, म्हणजे भरतीबरोबर अडसर वर-खाली होईल. पाइपला कालवं (शिंपले) धरली की कडी अडकते आणि ते टोक पाण्याखाली जातं. म्हणून दर पंधरवड्याला खरवडणं आलंच. एका टोकाला मुद्दाम 4 मिमीची नायलॉन दोरी: लोंढा आला की ती तुटायलाच हवी, नाहीतर तुंबलेलं पाणी वस्तीत शिरेल. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर हे चिपळुणात कुणाला समजावायला नको.

खरी अडचण माणसांची. भरती लागली की पाणी उलटं फिरतं आणि जमलेला कचरा पुन्हा नाल्यात वर पसरतो. तो ओहोटीच्या शेवटच्या तासातच काढावा लागतो, आणि ही वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, पण तो किनाऱ्यावरचा. इथे आत ती उशिरा पोचते, तेव्हा त्या हिशेबावर विसंबू नका. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) चार जण लागतील, भांगाला (अष्टमीच्या लहान भरतीला) दोघं पुरतील. गमबूट आणि बांबूला बांधलेल्या जाळ्या आम्ही देऊ.

गुटख्याच्या पुड्या जाळीखालून निसटणारच. बाटल्या आणि थर्माकोल अडेल. बाटल्या भंगारवाला नेतो, पण चिखलाने माखलेल्या पिशव्या वाळवल्याशिवाय कुणी हातात घेत नाही. नाल्याजवळ 10 बाय 12 फुटांची, पत्र्याखालची जागा मे अखेरपर्यंत कुणाकडे आहे का? नावं गोवळकोट धक्क्यावर, रविवारी ओहोटीच्या वेळी.