डब्यात चार नेवऱ्या जास्त घाला

मा. संपादक,

मी गोव्याच्या सरकारी कदंब बसचा कंडक्टर. सुट्टी संपली की वाळपईच्या फेरीला पत्र्याच्या ट्रंका चढतात आणि मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणतेच, "एवढ्याशा गोव्यात पोरांना हॉस्टेलात कशाला टाकतात?" तिकिटे काढता काढता उत्तर देणे जमत नाही, म्हणून इथे लिहितो.

गोवा लहान खरा, पण सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर शेवटची बस चुकली की पायपीटच. थोरलीची शाळा निम्मी बसची वाट बघण्यात गेली. कंडक्टर असून सांगतो. धाकटा परीक्षा देऊन वाळपईच्या नवोदयला, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, सहावीत लागला. राहणे, जेवण, पुस्तके सरकारची. राज्यात अशा दोनच शाळा, दुसरी काणकोणला.

हॉस्टेलात पोरे घट्ट होतात म्हणतात, तेही मला पुरते पटलेले नाही. पहिल्या सुट्टीत जेवण झाल्यावर आमचा ताट हातात घेऊन उभाच राहिला, रांग कुठे आहे ते बघत. बायको हसली, मग आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. कपडे मात्र आता स्वतः धुतो, कॉलर आधी घासतो.

नवोदयचा आणखी एक नियम लोकांना ठाऊक नसतो. नववीतली 30 टक्के मुले वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या मुलखातल्या नवोदयात जातात, तिथली इकडे येतात. आमचा उत्तरेला गेलाय. तिथून पहिला फोन आला तो, "बाबा, इथे हुमण नाही." हुमण म्हणजे आमची माशांची आमटी.

चवथीनंतरच्या, म्हणजे गणपतीनंतरच्या, भेटीच्या रविवारी शेजाऱ्यांबरोबर त्यांच्या मुलाला भेटायला गेलो. ज्यांचे कोणी येणार नाही ती पोरे त्या दिवशी उगाच नळावर बादल्या भरत असतात. त्यातल्या एकाला डबा पुढे केला. नेवरी, म्हणजे आपली करंजी, उलटसुलट करून तो म्हणाला, "ये तो गुजिया है, हमारे यहाँ होली में बनती है." दोन खाल्ल्या, तिसरी कागदात गुंडाळून खिशात.

भेटीला जाणाऱ्या पालकांनी डब्यात चार नेवऱ्या जास्त घालाव्यात, एवढेच सांगायचे होते. आमच्याला तिकडे कोणी काही देते का, हे फोनवर विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

आपला,
एक कदंब कंडक्टर, सत्तरी