कर्लीकाठची खोली तुमच्यासाठी पाहून ठेवलीय

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा "बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आई म्हणते "तुम्ही मजा केलीत ना, झालं तर मग", आणि विषय तिथेच संपतो. म्हणून सविस्तर लिहितेय. दोघं बसून वाचा. आई, भाजी नंतर टाक, आधी वाच.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही देवबागला राहिलो. मालवणपासून दहा-बारा किलोमीटर, तारकर्लीच्या पुढे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे माडांच्या सावलीत जमिनीची चिंचोळी पट्टी. गाव या पट्टीवरच वसलंय. समुद्राच्या बाजूला किनारा सारखा खचतो, म्हणून दगड टाकून बंधारा घातलाय. नदीची बाजू मात्र शांत. आमची खोली नदीकडे होती. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, आणि पडवीतून उतरलं की खळं, म्हणजे अंगण, ओलांडून थेट पाणी.

बाबा, तुम्हाला ही नदी बघायलाच हवी. आपली कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, तिथून अरबी समुद्र जेमतेम चौसष्ट किलोमीटर, तरी ती पाठ फिरवून चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते, हे तुम्हीच मला प्रीतिसंगमावर उभं करून समजावलं होतंत. कर्ली तशी नाही. सह्याद्रीतून निघते आणि बघता बघता समुद्राला भिडते. आणि देवबागपाशी ती रोज दोनदा उलटी वाहते! धाकट्याने पाण्यात माडाची झावळी सोडली तर ती समुद्राकडे जायची सोडून डोंगराकडे निघाली. तो ओरडत आला, "आई, नदी चुकली!" भरतीचं पाणी आत शिरत होतं, एवढंच. पण ते त्याला नीट समजावून सांगायला तिथे तुम्ही हवे होतात, हे माझ्या मनात आलं ते आलंच.

ज्यांच्याकडे राहिलो त्या घरातल्या काकांनी भरतीचा हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. थोडं मागेपुढे होतं, पण होडी काढायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. तुम्ही उभी नोकरी पाण्याची पातळी वहीत मांडत काढलीत. ही वही पंचांगातच आहे, हे ऐकून तुम्हाला काय वाटेल याचा मी तिथे बसून विचार करत होते.

एक गोष्ट तुम्हाला कधी बोलले नाही. कोयनेत १०५ टीएमसी पाणी साठतं, त्यातलं साडेसदुसष्ट टीएमसी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला जाऊन वीज करून वाशिष्ठीत उतरतं, हे मला शाळेच्या आधीपासून पाठ आहे, कारण आपल्या घरात जेवताना हीच बोलणी. इतकी वर्षं तुम्ही कोकणात पाणी धाडलंत. स्वतः गेलात ते पोफळीच्या वीजगृहापर्यंत, तेही कामाला, आणि रात्री परत. मला हे आता सहन होत नाही, बाबा. तुम्ही एकदा तिकडे नुसतं बसायला जायला हवं.

आणि आई, तुझ्याबद्दल तर काय लिहू. तुझा प्रवास म्हणजे पंढरपूर, तुळजापूर, गोंदवलं, नाहीतर कुणाचं तरी लग्न. आणि लग्नातही तू कोठीघरातच. देवबागच्या काकी पाहुण्यांना चुलीकडे फिरकू देत नाहीत. सकाळी घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी पडवीत आणून देतात, एक संपेतो दुसरा गरम. एकदा शिरवाळे केले होते, नारळाच्या रसातले, गूळ-वेलची घातलेले. दुपारी खाडीतली काळुंदर मासळी, तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. तिरफळाची बी काढून टाकायची आणि नुसती सालं घालायची, हे मी तुझ्यासाठी विचारून घेतलंय. पण तू ते शिकायला जायचं नाहीयेस. तू गरम घावणा ताटात पडेपर्यंत बसून राहायचंयस. तुला असं बसून, सगळ्यांच्या आधी, गरम खाताना मी कधी पाहिलेलंच नाही. मला ते एकदा डोळ्यांनी बघायचंय.

तिथे दिवसभर काही करावं लागत नाही. सुकतीला पाणी उतरलं की बायका गुडघाभर पाण्यात वाकून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, गोळा करतात. पलीकडे कांदळवनात खंड्या बसलेला असतो. पोरं मोबाईल मागायची विसरली. तुमचे जावई दुपारी पडवीत झोपले ते चहालाच उठले; घरी त्यांना अशी झोप लागत नाही.

शनिवार-रविवारी मात्र नको. संगमावर वॉटरस्पोर्ट्सच्या बोटी सुरू होतात, गर्दी आणि घरघर. सोमवार ते गुरुवार गाव आपलं असतं.

आता गुडघ्यांचं. सगळं बघून आलेय. पडवीला दोनच पायऱ्या, त्यांना कठडा. न्हाणीघर खोलीला लागून, कमोड आहे. खाटा उंच आहेत, उठताना त्रास होणार नाही. डॉक्टर, औषधांची दुकानं मालवणात. होडीत चढायला मात्र काकांचा हात धरावा लागेल, आणि नाही चढलात तरी खळ्यातून सगळं दिसतं. सिंधुदुर्ग किल्ला तब्येत बघून ठरवू. आत समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा विहिरी आहेत, त्या बाबांना बघाव्याशा वाटतील. नाहीतर धामापूरचा तलाव आहे, १५३० सालचा मातीचा बांध, आजही पाणी धरून आहे. तिथपर्यंत गाडी जाते.

वाटही मी बाबांच्या मनासारखी आखलीय. कराडहून कोल्हापूर, तिथे मिसळ न खाता साधा नाश्ता, मग राधानगरीला शाहू महाराजांच्या धरणापाशी थांबू. आपोआप उघडणारे ते दरवाजे बाबा पोरांना समजावून देतील. पुढे फोंडा घाट उतरून मालवण. पैशांचं बोलायचं नाही, पेन्शनला हात लावायचा नाही. कृष्णामाईचं दर्शन आणि तुळशीला पाणी घालणं चार दिवस शेजारच्या वहिनी बघतील, मी त्यांच्याशी बोललेय.

निघताना काकी मला म्हणाल्या, "पुढच्या वेळेक आवशी-बापाशीक घेवन येवा." मी हो म्हणून आलेय.

जानेवारी धरूया. बाबा, पंचांग तुमच्याजवळ आहे. अष्टमी धरली तर सकाळ-संध्याकाळ नदी भरलेली आणि पाणी निवांत, आईला होडीत भीती वाटणार नाही. पौर्णिमा धरली तर चांदणं मिळेल, पण संध्याकाळी सुकती असेल. आईला विचारून दोन्हींतलं एक ठरवा, सोमवार-मंगळवार जमतोय का बघा, आणि रविवारच्या आत कळवा, म्हणजे खोली धरते.

तुमची,
लेक