ऐरण, हातोडा आणि पाच वर्षांचं पोर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. पत्राला महिना उशीर झाला, रागावू नकोस.

गेल्या शनिवारी लंडनच्या टेंपल चर्चमध्ये गेलो होतो. गोल दालनात फरशीवर दगडी सरदार उताणे निजलेत. १९४१च्या बॉम्बहल्ल्यात पेटलेलं छप्पर त्यांच्यावर कोसळलं, त्याच्या खुणा अजून अंगावर आहेत. त्यातला एक विल्यम मार्शल, पेम्ब्रोकचा अर्ल, म्हणजे मोठा जहागीरदार. मी त्याच्यापाशीच उभा राहिलो, कारण त्याचं बालपण डोक्यातून जात नव्हतं.

११५२ साली इंग्लंडच्या स्टीफन राजानं विल्यमच्या बापाच्या न्यूबरीच्या किल्ल्याला वेढा घातला. बापानं तहाची मुदत मागितली, हमी म्हणून हे पाचेक वर्षांचं पोर ओलीस दिलं आणि मुदतीत किल्ल्यात रसद भरून घेतली. राजानं पोराला फाशी द्यायची धमकी दिली, तर बापाचा निरोप आला: माझी ऐरण-हातोडा शाबूत आहे, याहून चांगली पोरं घडवीन! सुहास, हे वाचून मी पुस्तक मिटूनच ठेवलं होतं. पोराला काय कळतंय? फाशीला नेताना ते एका सरदाराच्या हातातला भाला खेळायला मागत होतं. राजाला दया आली. पुढे विल्यमच्या चरित्रकाव्यात राजा आणि हे पोर तंबूत बसून गवताच्या दांड्यांची लढाई खेळताना दिसतात, आणि पोर जिंकतं.

धाकटा मुलगा, म्हणून वतन नाही. तलवारीवर आणि टूर्नामेंटवर, म्हणजे सरदारांच्या लुटुपुटूच्या लढायांवर, नाव कमावलं. ११८९ साली, चाळिशी उलटल्यावर इझाबेल द क्लेअरशी लग्न झालं. ती जेमतेम सतरा-अठराची, आयर्लंडमधल्या लेन्स्टरची वारस. पाच मुलगे, पाच मुली झाल्या. आणि याच माणसाला जॉन राजानं मागितले म्हणून आपले दोन मोठे मुलगे ओलीस द्यावे लागले. तेव्हा त्याच्या मनात काय आलं असेल, याचा विचार मी परतीच्या ट्रेनमध्ये करत होतो.

१२१६ साली जॉन वारला. गादीवर त्याचा नऊ वर्षांचा मुलगा हेन्री, अर्धं राज्य फ्रेंचांच्या हाती. सत्तरीच्या विल्यमनं कारभार हाती घेतला. म्हणाला, वेळ आलीच तर याला खांद्यावर बसवून बेटाबेटांतून नेईन, भीक मागेन, पण सोडणार नाही. पुढच्या वर्षी लिंकनच्या लढाईत म्हातारा घोड्यावर निघाला तो शिरस्त्राण घालायचंच विसरून! लढाई जिंकली.

त्याचे पाचही मुलगे एकामागून एक अर्ल झाले आणि १२४५पर्यंत पाचही औरस वारस न ठेवता गेले. सगळी जहागीर मुलींच्या वंशात वाटली गेली.

पण मला धरून ठेवलंय ते त्याच्या अखेरच्या दिवसांनी. १२१९चा वसंत, थेम्सकाठचं कॅव्हरशॅम. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला गाणं म्हणावंसं वाटलं. मुलींना बोलावलं. थोरली मटिल्डा मन नसताना बापासाठी गायली. धाकटी जोन लाजून पुटपुटायला लागली, तर म्हणाला, अशी लाजू नकोस, आणि शब्द कसे म्हणायचे ते तिला शिकवत राहिला.

तुझी धाकटी परवा फोनवर तश्शीच लाजली होती. पुढच्या रविवारी तिला माझ्यासाठी पूर्ण गाणं म्हणायला लाव. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
विनय